वाचकांचे प्रश्न : राखीव इंधनात काटकसर होते का?

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही हैदराबादहून कोल्हापूरला येत होतो. उजळाईवाडी विमानतळावर ढग इतके खाली आले होते, की विमानाने काही घिरट्या घातल्या आणि अखेर ते बेळगावला उतरले. सहप्रवासी म्हणत होते, की इंधन महागल्यापासून कंपन्या मोजकेच इंधन भरतात, म्हणून वैमानिकाला आणखी थांबता आले नाही. हे खरे आहे का? आपण गाडीची टाकी फुल करतो, तसे विमानाचे का करीत नाहीत?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शंका स्वाभाविक आहे, पण आपले विमान बेळगावपर्यंत जाऊ शकले, कारण तेवढे इंधन निघतानाच त्यात मोजून भरलेले होते. प्रत्येक उड्डाणाचा हिशेब साधारण असा असतो : धावपट्टीपर्यंत जाण्यासाठीचे टॅक्सी फ्युएल, मुक्कामापर्यंतचे ट्रिप फ्युएल, वारा किंवा मार्ग बदलल्यास लागणारे कंटिंजन्सी, जे सामान्यतः ट्रिप फ्युएलच्या 5 टक्के धरतात, मुक्कामी उतरता न आल्यास पर्यायी विमानतळ गाठण्यासाठीचे अल्टरनेट आणि या सर्वांच्या तळाशी फायनल रिझर्व्ह. जेट असो वा एटीआरसारखे टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांवर चालणारे छोटे विमान, पर्यायी विमानतळावर 1,500 फूट उंचीवर 30 मिनिटे घिरट्या घालता येतील इतके हे शेवटचे राखीव इंधन असते. एअरबस 320 मध्ये ते हजार-अकराशे किलोच्या आसपास भरते. ते वापरायचे नसते. चाके जमिनीला टेकतील तेव्हा ते टाकीत शिल्लक असलेच पाहिजे, या बेताने सगळे नियोजन होते. इंधनाचा दर कितीही चढला, तरी या किमान हिशेबाला कंपनीला हात लावता येत नाही, आणि त्याहून जास्त इंधन मागण्याचा अंतिम अधिकार कॅप्टनचा असतो.

मग टाकी फुल का नाही? उसाने भरलेल्या ट्रॉलीला कारखान्याकडे जाताना जेवढे डिझेल लागते, तेवढे रिकामे परतताना लागत नाही, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. विमानाचेही तसेच आहे. फरक इतकाच, की इथे इंधन हेच ओझे असते. जेट विमानात हजार किलो जादा इंधन घेतले, तर ते नुसते वाहून नेण्यासाठी दर तासाला त्यातलेच अदमासे 30 ते 40 किलो जळून जाते. शिवाय उतरतानाच्या वजनालाही कमाल मर्यादा असते, त्यामुळे छोट्या पल्ल्यासाठी टाकी काठोकाठ भरली, तर मुक्कामी पोहोचूनही विमान जड असल्याने उतरता येणार नाही, असा उलटाच पेच पडू शकतो.

कधी कधी मात्र कंपन्या हे ओझे जाणूनबुजून वाहतात. विमानाचे इंधन जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट आहे. महाराष्ट्रानेच 2023 मध्ये मुंबई आणि पुण्यातला दर 25 टक्क्यांवरून 18 वर आणला. जिथे इंधन स्वस्त, तिथे परतीचेही भरून घेण्याला टँकरिंग म्हणतात. त्यात पैसे वाचतात, इंधन मात्र जास्तच जळते.

खरी बचत इतरत्र होते : दोन इंजिनांच्या जेटने एकाच इंजिनावर टॅक्सी करणे, टप्प्याटप्प्याने न उतरता सलग घसरणीने खाली येणे, वेग आणि वेळ यांचा मेळ कॉस्ट इंडेक्सनुसार, म्हणजे वेळेचा खर्च आणि इंधनाचा खर्च यांच्या गुणोत्तरानुसार, घालणे, धावपट्टी पुरेशी लांब असेल तर उतरताना रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे वेग रोखण्यासाठी इंजिनाचा उलटा जोर, आयडलवरच (किमान पातळीवर) ठेवणे. या सवयींबद्दल तक्रार असू नये. पावसाळ्यात अर्ध्या तासाचे जादा इंधन मागणाऱ्या कॅप्टनला मात्र नंतर कोणी त्याचा जाब विचारू लागले, तर ती काटकसर नव्हे, हे माझे स्पष्ट मत आहे.

इंधन खरोखरच कमी पडू लागले, तर काय बोलायचे तेही ठरलेले आहे. आणखी विलंब झाल्यास फायनल रिझर्व्हला धक्का लागेल असे दिसले, की वैमानिक ‘मिनिमम फ्युएल’ कळवतो; ते राखीव शाबूत ठेवून उतरणे शक्य नाही असा हिशेब आला, की ‘मेडे फ्युएल’, म्हणजे इंधनाची आणीबाणी, जाहीर करतो. शब्दांचा हा काटेकोरपणा किती गरजेचा आहे, हे आव्हियांका या कोलंबियाच्या विमान कंपनीच्या 52 क्रमांकाच्या उड्डाणावरून कळते. 25 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कजवळ या विमानाला तासाहून अधिक काळ ताटकळत ठेवण्यात आले. इंधन संपत आल्याचे वैमानिकांनी सांगितले, पण आणीबाणी कधीच जाहीर केली नाही, आणि नियंत्रकांना प्रसंगाचे गांभीर्य उमगले नाही. विमान कोसळून 73 जण मृत्युमुखी पडले.

प्रश्न : विमानतळावर उभ्या असलेल्या एटीआरचा उजवा पंखा थांबलेला असतो, तरी इंजिनाचा आवाज येत राहतो. ही इंधनाची नासाडी नाही का?
– एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. मोठ्या जेट विमानांच्या शेपटीत वीज आणि हवा पुरवणारे एपीयू हे छोटे इंजिन असते. एटीआरमध्ये ते नसते. त्याऐवजी उजव्या पंख्याला ब्रेक लावून ते इंजिन चालू ठेवतात. याला हॉटेल मोड म्हणतात. त्यात इंधन जळते हे खरेच, म्हणून जिथे जमिनीवरून वीजपुरवठ्याची सोय मिळते, तिथे वैमानिकाने इंजिन बंद ठेवून तीच वापरावी, अशी अपेक्षा असते.