तिघांची शाळा एकाच टेबलावर

प्रश्न: ताई, मुलं तीन, 11, 8 आणि 5 वर्षांची, जूनपासून घरीच शिकवतेय. मोठीला अपूर्णांक समजावतेय तोवर धाकटा रडतो, मधला नुसता पेन्सिलीला टोक काढत बसतो. तिघांना सगळे विषय वेगवेगळे कसे शिकवू?

उत्तर: अगं, सगळे वेगवेगळे शिकवूच नकोस ना! गणित आणि वाचन तेवढं ज्याचं त्याचं, बाकी परिसर, इतिहास, गोष्टी एकत्रच घे. पोळ्या करताना बघ, धाकटा मोजेल, मधला पाच जणांना तीन-तीन म्हणजे किती ते सांगेल आणि मोठी एका पोळीचे पाव, अर्धा, पाऊण करून दाखवेल, कणीक एकच पण तिघांचं गणित झालं. सकाळी पहिली 20 मिनिटं धाकट्याला दे, अगदी मांडीवर घेऊन, मन भरलं की तो आपापला खेळतो, तेव्हा मोठीला घे. मधल्याने धाकट्याला रोज एक गोष्ट वाचून दाखवायची, त्याचंच वाचन पक्कं होतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. आणि परीक्षेचं टेन्शन आत्ता खरंच नको, एनआयओएसची, म्हणजे घरी शिकून परीक्षा देता येणाऱ्या राष्ट्रीय मुक्त शाळेची, दहावी वयाची 14 वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते, त्याआधी तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीच्या लेव्हल्सही आहेत.