फर्स्ट-पर्सन प्लॅटफॉर्मर गेममध्ये एकच लेव्हल पुन्हा पुन्हा खेळून अर्धा सेकंद वाचवण्यात कसला आनंद असतो?

आपण विचारले आहे की एकदा पार केलेली लेव्हल अर्धा सेकंद वाचवण्यासाठी शंभर वेळा खेळण्यात लोकांना काय मिळते, आणि जिथे स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत तिथे उड्या मारण्याचा जाच कसा वाटत नाही. मला वाटते, दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर आहे.

बाजूने दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मरमध्ये, म्हणजे उड्या मारत पुढे जाण्याच्या खेळात, आपले पात्र, समोरची कडा आणि मधला खड्डा एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात. फर्स्ट-पर्सन गेममध्ये आपण पात्राच्याच डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे नजर आणि चाल एकमेकींना बांधलेल्या असतात. बाजूला पाहिले की धाव वाकते आणि पाय कुठे पडणार हे पाहायला मान खाली घातली की पुढची वाट दिसेनाशी होते. मी बराच काळ एका लेव्हलमध्ये अडकलो होतो, ज्यात चार अरुंद कठडे ओळीने ओलांडायचे होते. तिसऱ्यावर उतरताना मी दर वेळी खाली पाहत असे, त्यामुळे चौथ्याची उडी क्षणभर उशिरा निघे. सवय मोडायला एक संपूर्ण संध्याकाळ गेली. शेवटी ज्या फेरीत जमले, त्या फेरीत मी हवेत असतानाच नजर चौथ्या कठड्यावर गेलेली होती आणि तिसऱ्याला पाय टेकले ते मी पाहिलेसुद्धा नाही. वेळ जवळजवळ दीड सेकंदाने उतरली. न पाहता पाय बरोबर पडणे, ही जाणीव मला इतर कोणत्याही प्रकारच्या खेळाने दिलेली नाही.

हे खेळ वेगासाठीच रचले जातात तेव्हा लेव्हलचा नकाशाही दुहेरी असतो. २०२२ मध्ये आलेल्या ‘निऑन व्हाइट’मध्ये प्रत्येक शस्त्र म्हणजे खेळायच्या पत्त्यांसारखा एक पत्ता असतो. तो पत्ता वापरून गोळी झाडता येते किंवा टाकून देऊन एखादी हालचाल मिळवता येते: एका पत्त्याने हवेत दुसरी उडी मिळते, दुसऱ्याने समोर झेप घेता येते. त्यामुळे प्रत्येक वळणावर प्रश्न उभा राहतो की हा पत्ता शत्रूवर खर्च करायचा की वाटेवर. पहिल्या फेरीत आपण आखून दिलेल्या वाटेने जातो. दहाव्या फेरीत लक्षात येते की छतावरचा तो एकटा पत्ता उगाच ठेवलेला नाही आणि तो जपून ठेवला तर मधला अख्खा जिना टाळता येतो. चांगली वेळ नोंदवल्यावर खेळ आडवाटेची खूणही दाखवतो. पण ती खूण दिसण्याआधीच वाट स्वतःला सापडली, तर तो आनंद काही निराळाच.

याची मुळे मात्र वेगासाठी न बनवलेल्या खेळात आहेत. १९९६ च्या ‘क्वेक’ या गोळीबाराच्या खेळात हवेत असताना वेगाची मर्यादा एकूण वेगावर तपासली जात नाही, आपण ज्या दिशेला जाऊ पाहतो, त्या दिशेतला वेग तेवढा मोजला जातो. म्हणून उडी मारल्यावर पुढे जाण्याचे बटण सोडून फक्त बाजूचे बटण दाबले आणि त्याच बाजूला माउस हळुवार वळवत नेला, तर प्रत्येक क्षणी थोडा थोडा वेग वाढत जातो. जमिनीला पाय लागताच पुन्हा उडी घेतली तर घर्षणाला तो वेग खाण्याची संधी मिळत नाही. पुढे जाण्यासाठी पुढचे बटण सोडायचे, हे बोटांना पटायला वेळ लागतो आणि एकदा पटले की तोच जुना दालनमार्ग वेगळा भासू लागतो. १९९७ मध्ये काही खेळाडूंनी मिळून, एकेका नकाशावरच्या उत्तम फेऱ्या जोडून, हा संपूर्ण खेळ सर्वांत कठीण पातळीवर १९ मिनिटे ४९ सेकंदांत संपवलेला दाखवला. स्पीडरनच्या, म्हणजे खेळ शक्य तितक्या कमी वेळात संपवण्याच्या, इतिहासात त्या चित्रफितीचे स्थान फार मोठे आहे, आणि ते योग्यच आहे.

पुनरावृत्तीचा कंटाळा का येत नाही, याचे एक अगदी साधे कारणही सांगतो. लेव्हल छोट्या असतात आणि एक बटण दाबताच क्षणार्धात पुन्हा आरंभस्थानी येता येते, त्यामुळे चूक आणि दुरुस्ती यांच्यात रागावण्याइतकीही फट राहत नाही. हेच बटण दाबल्यावर पाच सेकंद थांबावे लागले असते, तर मी त्या कठड्यांपाशी एक संध्याकाळ घालवली नसती.

काहींना अशा खेळांत गरगरते. २००८ च्या ‘मिरर्स एज’मध्ये नजरेला आधार म्हणून पडद्याच्या मध्यावर एक बारीक ठिपका ठेवला होता, आणि पांढऱ्याशुभ्र शहरात पुढची वाट लाल रंगाने सुचवली जाई. आपल्याला त्रास होत असेल तर दृश्याची रुंदी थोडी वाढवून पाहावी आणि कॅमेऱ्याचे हेलकावे बंद करावेत. अनेकांना तेवढ्याने फरक पडतो.

प्रत्यक्ष करून पाहायचे असेल तर ‘निऑन व्हाइट’ने सुरुवात करावी. सुरुवातीचीच एखादी लेव्हल निवडावी, घड्याळाकडे अजिबात लक्ष न देता वीस फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक फेरीत पाय टेकण्याच्या थोडे आधी नजर पुढच्या जागेवर न्यावी. एकविसाव्या फेरीत वेळ पाहावी.