अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी गरिबांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी इतकं केलं, तरी व्हिएतनाम युद्धावरून उदारमतवादीच त्यांच्यावर का उलटले?

तुमच्या प्रश्नात ‘कृतघ्न’ हा शब्द कुठे नाही, पण त्याचा वास येतो. हाच प्रश्न माझ्या आजोबांनी १९६८ साली माझ्या मामाला पत्रातून विचारला होता. आजोबा कराडचे, राष्ट्र सेवा दलात वाढलेले. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क मिळाल्याच्या बातमीचं कात्रण त्यांनी जपून ठेवलं होतं. मामा १९६७च्या ऑगस्टमध्ये एम.एस. करायला शिकागोला गेला. त्याची निळी एरोग्राम आता माझ्याकडे आहेत, घड्यांवर विरलेली. ती समजून घेता घेता मी या विषयात शिरलो. इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, बँकेतून निवृत्त झालोय.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर, जॉन्सन त्यांचेच होते म्हणून ते उलटले. जॉन्सनना मिळाला तो घरचा आहेर होता. पण आहेर देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी या युद्धाला आधी स्वतःच अक्षता टाकल्या होत्या, हा भाग सहसा कुणी सांगत नाही.

जॉन्सननी काय दिलं ते तुम्हाला ठाऊक आहेच. १९६४चा नागरी हक्क कायदा, १९६५चा मतदान हक्क कायदा, म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर ही आरोग्यविमा योजना, गरिबीविरुद्धची मोहीम. आणखी एक कायदा आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून त्यांनी नव्या स्थलांतर कायद्यावर सही केली. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसं. आज न्यू जर्सीत ढोलताशाच्या गजरात गणपती आणणाऱ्या मराठी घरांपैकी बहुतेकांची वाट त्या सहीतून निघाली. माझ्या मामाचीही.

मग बिघडलं कुठे? १९६४च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन्सन उभे होते ते शांततेचे उमेदवार म्हणून. समोरचे रिपब्लिकन पक्षाचे बॅरी गोल्डवॉटर युद्धखोर, असा सगळा प्रचार. ऑक्टोबरात ओहायोमधल्या अॅक्रनच्या सभेत जॉन्सन म्हणाले की, आशियातल्या मुलांनी स्वतः करायचं काम करायला आम्ही आमची मुलं नऊ-दहा हजार मैलांवर धाडणार नाही. ६१ टक्के मतं मिळाली. आणि पुढच्या ८ मार्चला साम्यवादी उत्तर व्हिएतनामविरुद्धच्या लढाईसाठी मरीन सैनिक दक्षिण व्हिएतनाममधल्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले. १९६५च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे १,८४,००० सैनिक होते, १९६८च्या अखेरीस ५,३६,०००. ज्यांनी घरोघरी फिरून जॉन्सनसाठी मतं मागितली, त्यांना कसं वाटलं असेल? आपल्याकडे याला केसानं गळा कापणं म्हणतात.

पण थांबा. ऑगस्ट १९६४मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी नौकांवर हल्ले झाल्याचं सांगून जॉन्सननी काँग्रेसकडून, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडून, युद्धासाठी जवळजवळ कोरा चेक घेतला होता. प्रतिनिधीगृहात ४१६ विरुद्ध शून्य, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २. विरोधातले दोघे म्हणजे ओरेगॉनचे वेन मोर्स आणि अलास्काचे अर्नेस्ट ग्रुनिंग. मतदान केलेल्या बाकी सगळ्या उदारमतवादी सिनेटरांनी ठरावाच्या बाजूनं मत दिलं होतं, आणि तो ठराव सिनेटमध्ये पुढे रेटण्याचं काम केलं विल्यम फुलब्राइट यांनी. पुढे युद्धाचे सर्वांत मोठे टीकाकार झाले ते हेच फुलब्राइट. २ ऑगस्टचा हल्ला खरा होता, ४ तारखेचा झालाच नव्हता. आपल्याला वापरून घेतलं हे कळल्यावर माणूस पेटतो, तसे ते पेटले.

फेब्रुवारी १९६६मध्ये परराष्ट्र समितीचे अध्यक्ष या नात्यानं त्यांनी युद्धावर जाहीर सुनावण्या घेतल्या, आणि टीव्हीवर त्या देशभर दिसल्या. साम्यवादाला बांध घालण्याचं धोरण ज्यांच्या डोक्यातून निघालं, त्या जॉर्ज केनन यांनीच तिथे येऊन सांगितलं की व्हिएतनाममध्ये अडकून पडण्यात काही शहाणपण नाही. सीबीएस वाहिनीनं मात्र त्यांची साक्ष दाखवायची सोडून एका विनोदी मालिकेचा जुना भाग लावला. त्या वाहिनीच्या वृत्तविभागाचे प्रमुख फ्रेड फ्रेंडली यांनी यावरून राजीनामा दिला. मला या सुनावण्यांचं महत्त्व वाटतं ते एवढ्यासाठी की लांब केसवाल्या पोरांना ‘देशद्रोही’ म्हणणं सोपं होतं, सूट-टाय घातलेल्या साठीतल्या मुत्सद्द्याला म्हणणं अवघड. त्या दिवसापासून युद्धाला विरोध करणं मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात चालू लागलं.

आणि गंमत पाहा, हेच फुलब्राइट अर्कान्सॉचे, दक्षिणेतले. नागरी हक्क कायद्याच्या विरोधात त्यांनी मत दिलं होतं. म्हणजे ज्या जॉन्सनना आपण युद्धखोर म्हणतो ते कृष्णवर्णीयांच्या बाजूनं, आणि शांततेचा कैवारी त्यांच्या विरोधात. आजोबांना हे कळलं असतं तर त्यांनी ते कात्रण पुन्हा उघडून पाहिलं असतं.

जॉन्सनच्या जिव्हारी लागलं ते मात्र मार्टिन ल्यूथर किंग यांचं बोलणं. ४ एप्रिल १९६७, न्यूयॉर्कचं रिव्हरसाइड चर्च. त्या दोघांनी मिळून मतदानाचा कायदा घडवून आणला होता. किंग म्हणाले की गरिबीविरुद्धच्या मोहिमेनं थोडी आशा जागवली होती, पण हे युद्ध माणसं, कौशल्य आणि पैसा पंपासारखं शोषून घेतंय. काळी आणि गोरी पोरं एकत्र मिळून एखाद्या गरीब गावातल्या झोपड्या जाळतात, पण शिकागोत ती एका गल्लीत राहू शकणार नाहीत. स्वतःच्या सरकारला त्यांनी जगातला हिंसेचा सर्वांत मोठा पुरवठादार म्हटलं.

शिकागोचं नाव त्यांनी उगाच घेतलं नव्हतं. आदल्याच वर्षी तिथे गोऱ्यांच्या वस्तीत घरांच्या हक्कासाठी मोर्चा नेला तेव्हा त्यांच्या डोक्यात दगड बसला होता. मामाच्या दुसऱ्या की तिसऱ्या पत्रात त्याच शहरात खोली शोधण्याची हकीकत आहे. फोनवर खोली रिकामी असायची, दारात उभं राहिल्यावर नुकतीच गेलेली असायची. शेवटी दोन अमेरिकन विद्यार्थ्यांबरोबर त्याला एक तिसऱ्या मजल्यावरची जागा मिळाली.

किंगना शाबासकी मिळाली असेल असं वाटत असेल तर चूक. न्यूयॉर्क टाइम्सनं अग्रलेखात त्यांचं चुकलं म्हणून सांगितलं. वॉशिंग्टन पोस्टनं लिहिलं की आपल्या कार्याला, देशाला आणि आपल्या लोकांना असलेला स्वतःचा उपयोग त्यांनी कमी करून घेतलाय. ही दोन्ही उदारमतवादी वृत्तपत्रं. ‘तुम्ही तुमचं बघा, परराष्ट्र धोरणात पडू नका,’ असा एकूण सूर. म्हणजे उदारमतवादी ‘उलटले’ असं सरसकट म्हणता येत नाही. दोन वर्षं ते आपसातच भांडत होते, आणि विरोध करणाऱ्यांतलेही बहुतेक जण उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक थांबवा, बोलणी करा एवढंच म्हणत होते. लगेच बाहेर पडा म्हणणारे थोडे. युद्ध ही ‘चूक’ आहे असं ते म्हणायचे. गुन्हा म्हणणारे कॅम्पसवरचे विद्यार्थी, आणि त्यांचं या मंडळींशीही पटत नव्हतं.

इथे ह्यूबर्ट हम्फ्री यांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण माझ्या मते हा सगळा पेच त्या एका माणसात सापडतो. १९४८च्या अधिवेशनात नागरी हक्कांसाठी आपल्याच पक्षाला खडसावणारे हम्फ्री. ‘अमेरिकन्स फॉर डेमोक्रॅटिक अॅक्शन’ या उदारमतवाद्यांच्या संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. १९६५मध्ये उपाध्यक्ष झाले आणि फेब्रुवारीतच त्यांनी जॉन्सनना खासगी टिपण लिहिलं: हे युद्ध लोकांना पटवता येणार नाही, प्रचंड बहुमत आहे, उजव्यांची भीती नाही, बाहेर पडायचं तर हेच वर्ष. जॉन्सननी काय केलं? व्हिएतनामच्या बैठकांना त्यांना बोलावणंच बंद केलं. वर्षभर वनवास भोगल्यावर हम्फ्री युद्धाचे भाट बनून परत आले. फेब्रुवारी १९६८मध्ये त्यांच्याच संघटनेनं जॉन्सनविरुद्ध पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या यूजीन मॅकार्थी या युद्धविरोधी सिनेटरना पाठिंबा दिला, आणि तो न आवडून काही कामगार नेते संघटना सोडून गेले. त्या वेळी संघटनेचे अध्यक्ष होते जॉन केनेथ गालब्रेथ, १९६२च्या चीन युद्धात दिल्लीला अमेरिकेचे राजदूत असलेले तेच.

जॉन्सननी ऐकलं का नाही? १९४९मध्ये चीन साम्यवाद्यांकडे गेला तेव्हा त्या वेळचे अध्यक्ष ट्रुमन यांची उजव्यांनी काय दशा केली ते त्यांनी पाहिलं होतं. व्हिएतनाम सोडलं तर तेच आपलं होईल आणि गरिबांचे कायदेही बुडतील, असा त्यांचा हिशेब. हिशेब उलटा पडला. १९६८मध्ये युद्धासाठी प्राप्तिकरावर दहा टक्के अधिभार लावायला काँग्रेसची परवानगी हवी होती, आणि ती मिळवण्यासाठी घरच्याच खर्चाला सहा अब्ज डॉलरची कात्री लावायचं कबूल करावं लागलं.

शिवाय टीका त्यांना सोसायची नाही. जानेवारी १९६८मध्ये अध्यक्षांच्या पत्नीनं व्हाइट हाउसमध्ये बायकांचं जेवण ठेवलं होतं, विषय रस्त्यावरची गुन्हेगारी. गायिका अर्था किट उभी राहून म्हणाली की देशातली चांगली पोरं तुम्ही मरायला धाडता, मग ती रस्त्यावर बंड करणारच. पुढे कित्येक वर्षं तिला अमेरिकेत धड काम मिळेना. आपणही याची चव घेतलीय. १९६६च्या दुष्काळात इंदिरा गांधींच्या सरकारनं बॉम्बफेकीवर टीका केली, आणि पीएल-४८० या अमेरिकी धान्यमदत कायद्याखालचा गहू जॉन्सन थोडा थोडा करून सोडत राहिले. शेतीचं धोरण भारतानं बदलावं हाही त्यात हेतू होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या आजीला त्या दोन हेतूंतला फरक कळण्याचं कारण नव्हतं. त्या साली आजोबांचं जॉन्सनप्रेम बरंच ओसरलं, असं आई सांगते.

बाकीचं भराभर घडलं. जानेवारी १९६८ची टेटची चढाई, म्हणजे साम्यवादी फौजांनी दक्षिण व्हिएतनामच्या शहरांवर एकाच वेळी केलेला हल्ला. १२ मार्चला न्यू हॅम्पशायरमध्ये, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, मॅकार्थींना ४२ टक्के, आणि ज्यांचं नाव मतपत्रिकेवर छापलेलंही नव्हतं त्या जॉन्सनना मतदारांनी हातानं नाव लिहून ४९ टक्के. जिंकूनही हरले. (मॅकार्थींना मत देणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचा राग जॉन्सन पुरेसं जोरात लढत नाहीत म्हणून होता. याला शुद्ध शांततेचा विजय मानणाऱ्यांनी हे तपासून पाहावं.) चार दिवसांनी सिनेटर रॉबर्ट केनेडीही उमेदवारीच्या शर्यतीत उतरले. ३१ मार्चच्या रात्री जॉन्सननी टीव्हीवर जाहीर केलं की आपण पुन्हा उभे राहणार नाही. त्यानंतर चारच दिवसांनी किंग यांचा खून, जूनमध्ये केनेडींचा.

ऑगस्टमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन मामाच्याच शहरात भरलं. बॉम्बफेक बिनशर्त थांबवण्याचा ठराव सुमारे १,५६७ विरुद्ध १,०४१ मतांनी पडला. एकही प्राथमिक निवडणूक न लढवता हम्फ्री उमेदवार झाले. बाहेर मिशिगन अॅव्हेन्यूवर पोलिसांनी पोरांना बडवलं. अश्रुधूर कॉनरॅड हिल्टन हॉटेलात वर हम्फ्रींच्या खोलीपर्यंत पोचला. मामा विद्यार्थी व्हिसावर, परत धाडतील या भीतीनं घरीच टीव्हीसमोर बसला. त्याचे दोघे खोलीसोबती गेले होते, मॅकार्थींचे कार्यकर्ते म्हणून. रात्री एकजण परतला तो डोळे लाल, शर्टाची बाही फाटलेली. ‘बाबा, मी त्याच्या डोळ्यांवर पाण्याची पट्टी ठेवली. तो म्हणाला, हे आपलेच लोक आहेत रे,’ असं पत्रात आहे. आजोबांच्या प्रश्नाला मामानं दिलेलं उत्तर एवढंच.

तुमचा प्रश्न ‘का उलटले’ असा आहे. त्याच्यापुढचा प्रश्न मला जास्त छळतो: उलटले ते बरोबर केलं का? युद्धाबद्दल ते बरोबर होते यात मला शंका नाही. उशीर झाला याबद्दलही नाही. पण नोव्हेंबरमध्ये रुसून घरी बसलेल्यांबद्दल माझं मन अजून स्थिर होत नाही. हम्फ्रींनी सप्टेंबरअखेर बॉम्बफेक थांबवण्याची भाषा केली, मॅकार्थींनी पाठिंबा दिला तो मतदानाला आठवडा उरला असताना, तोही ओठातल्या ओठात. रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन जिंकले सुमारे पाच लाख मतांनी. सगळे रुसलेले बाहेर पडले असते तरी निकाल फिरला असता असं छातीठोक सांगता येत नाही. पण निक्सन यांच्या काळात आणखी वीस हजारांहून जास्त अमेरिकी सैनिक मेले, व्हिएतनामी किती ते वेगळंच.

मामाच्या नोव्हेंबरच्या पत्रात आहे की त्या दोघांनीही मत दिलं नाही. ‘हम्फ्री काय, निक्सन काय,’ म्हणून ते हसले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सैन्यभरतीतून मिळणारी सूट त्याच वर्षी जवळजवळ बंद झाली होती. १९६९च्या उन्हाळ्यातलं एरोग्राम निम्मंच भरलंय. त्यात मामा लिहितो की बाही फाटून आलेला तो मुलगा भरतीचं पत्र येऊन गेला, त्याचे बूट अजून दाराशीच आहेत, आणि पुढच्या महिन्यापासून भाडं तिघांऐवजी दोघांत वाटावं लागेल, तेव्हा घरी पैसे थोडे कमी येतील.