दुसऱ्या कंटेनरचं सील तोडू नका

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमचा काजूचा छोटा कारखाना आहे. मंगळूरच्या आयातदाराकडून बेनिनच्या कच्च्या बीचे दोन कंटेनर हाय सी सेलवर (माल समुद्रात असतानाच खरेदी) घेतले. करारात आउटटर्न (८० किलोच्या पोत्यामागे निघणारा गर, पाउंडांत) ४८ लिहिलाय. पहिला कंटेनर उतरवून ७० पोती बॉयलरला लावली, तेव्हा गर कमी पडतोय हे लक्षात आलं. आम्हीच कटिंग करून (नमुन्याची बी कापून, गर तोलून) पाहिलं तर ४३ आला. दलालाला व्हॉट्सॲपवर सांगितलं, तो ‘बघतो’ म्हणतोय. त्यात वीस दिवस गेले. दुसरा कंटेनर परवा आला, जागा नाही म्हणून तसाच उभा आहे. उरलेल्या रकमेचा पुढच्या महिन्याचा चेक दिलाय. तो थांबवावा का? केस बेळगावात करता येईल का?

उत्तर : पश्चिम आफ्रिकेची बी पावसाळ्याच्या सुमारास बंदराला लागते आणि मग खानापूर-चंदगड पट्ट्यातून हाच प्रश्न येऊ लागतो, फक्त आकडे बदलतात. थेट कराराच्या कलम ९ वर येतो. तुम्हीच पाठवलेल्या कराराच्या फोटोत ते तिसऱ्या पानावर तळाला आहे आणि खाली तुमची सही आहे. दर्जाची तक्रार ‘प्रत्येक कंटेनरचं’ सील तुमच्या आवारात तुटल्यापासून ७ दिवसांत लेखी करायची, नमुना दोन्ही बाजूंसमोर स्वतंत्र सर्व्हेअरने काढायचा. आउटटर्न ४५ पर्यंत उतरला तर त्या प्रमाणात भाव कमी, ४५ च्या खाली गेला तर माल नाकारायचा हक्क. कागद इंग्रजीत होता, वाचला नाही, हे कुठल्याच कोर्टात चालत नाही.

पहिल्या कंटेनरचे ७ दिवस कधीच संपले. शिवाय बी उकडून फोडली, म्हणजे मालकासारखी वापरली. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम ४२ प्रमाणे तो माल तुम्ही स्वीकारला. आता तो नाकारता येणार नाही. फार तर कलम ५९ खाली भाव कमी करून मागता येईल. मुदत उलटली की हक्कच संपतो अशी अट करार कायद्याच्या कलम २८ मुळे रद्द ठरू शकते, पण इथे समोरचा म्हणेल की ही अट हक्काची नाही, पुराव्याची आहे. निकाल कुठेही झुकू शकतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

खरी बाजी दुसऱ्या कंटेनरवर आहे. सौदा एकच, भाव एकच, त्यामुळे ‘मालाचा काही भाग स्वीकारला म्हणजे नाकारायचा हक्क सगळ्याच मालावरून गेला’ असं समोरचा माल विक्री कायद्याचं कलम १३(२) दाखवून म्हणणार. त्याला उत्तर कराराच्या कलम ९ मधल्या त्या ‘प्रत्येक कंटेनर’ मध्येच आहे, कारण वेगळी अट करारातच असेल तर ते पोटकलम बाजूला राहतं. पण सर्व्हेअर यायच्या आधी सील तोडलंत, तर हा मुद्दा हातात राहून उपयोग नाही.

म्हणून आजच ईमेल आणि पोच-पावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा, दलालाला नव्हे, करारावर सही करणाऱ्या विक्रेत्याला. त्यात कंटेनर नंबर, सील नंबर, बिल ऑफ लेडिंगचा (जहाज कंपनीच्या माल-पावतीचा) नंबर आणि सर्व्हेची तारीख-वेळ घाला, ४८ तासांची मुदत द्या. ते आले नाहीत तर सर्व्हेअरसमोर सील तोडा. सील नंबर वाचता येईल असा सलग व्हिडिओ घ्या, मध्ये कट नको. दारापासून आतल्या भिंतीपर्यंत, दर दहा पोत्यांमागे एक तरी पोतं नमुन्याला घ्या. नमुना एकत्र करून त्याचे तीन भाग सील करा : एक तुमचा, एक त्यांचा, एक सर्व्हेअरकडे. ओलावा तिथल्या तिथे मोजून अहवालात लिहून घ्या. पोती चार दिवस पावसाळी हवेत राहिली की ‘तुमच्याच गोदामात ओल धरली’ हे उत्तर तयार असतं.

कटिंगचा हिशोब सर्व्हेअरला येतो, तरी अहवाल तुम्ही ताडून पाहा. १ किलो बीतल्या चांगल्या गराचे ग्रॅम अधिक डागी गराचं निम्मं वजन, गुणिले ०.१७६४, म्हणजे ८० किलोच्या पोत्यामागचे पाउंड. ४८ साठी २७२ ग्रॅम गर हवा, ४३ म्हणजे २४४. वीस फुटी कंटेनरात २०० पोती धरली तर ५ पाउंडांचा फरक म्हणजे कंटेनरमागे साधारण ४५४ किलो गर गेला. सर्व्हेअरची फी आणि शिपिंग लाइनचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार) याच्यापुढे किरकोळ आहे. तरी शिपिंग लाइनने दिलेले मोफत दिवस संपायच्या आत कंटेनर रिकामा करून परत पाठवा. माल नाकारला तर पोती वेगळी रचा, एकही फोडू नका. परत पोचवायची जबाबदारी तुमची नाही, कळवणं पुरे (माल विक्री कायदा, कलम ४३). मात्र बिल ऑफ एंट्री (कस्टम्सकडचा आयातीचा कागद) तुमच्या नावाची आहे. माल परत जाताना जीएसटीचं काय होईल ते तुमच्या सीएला विचारा.

पहिल्या कंटेनरची उरलेली १३० पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सोडून ठेवा आणि त्याच सर्व्हेअरकडून नमुना काढून घ्या. पुरावा लंगडा आहे, तरी असू द्या. दलालाचे मेसेज पुसू नका. ते नोटीस ठरत नाहीत, पण वेळेवर बोललात हे दाखवतील. कोर्टात द्यायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल.

चेक नुसता थांबवलात तरी निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ ची (चेक न वटल्याची) केस होऊ शकते. आधी नोटीस जाऊ द्या, किती रक्कम का रोखताय ते त्यात लिहा, कबूल असलेली रक्कम भरा, मग बँकेला कळवा. खात्यात चेकइतके पैसे मात्र ठेवा. पैसे होते आणि वाद खरा होता, हे दाखवता आलं तरच बचाव उभा राहतो.

बेळगावचा विचार सोडा. करारात मंगळूरची न्यायकक्षा लिहिली आहे. इथे दावा लावलात तर वर्ष-दोन वर्षांनी तो परत करतील आणि तिथे नव्याने सुरुवात करावी लागेल. दावा ३ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली, तातडीचा मनाई हुकूम नको असल्यास, आधी मध्यस्थी सक्तीची आहे. हातात सील केलेला नमुना असेल तर विक्रेता बहुतेक तिथेच भावावर बोलायला तयार होतो.