मास्तरांची टपालपेटी : स्मार्ट बोर्ड घेऊ का?

प्रश्न : मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटी भागातल्या एका सरकारी मराठी शाळेत शिक्षिका आहे. पहिली ते पाचवी वर्ग, आणि आम्ही दोघीच. गावचे माजी विद्यार्थी पुण्याला, गोव्याला नोकरीला असतात. त्यांनी वर्गणी काढून शाळेला स्मार्ट बोर्ड द्यायचं ठरवलंय. एसडीएमसीचे (शाळेच्या देखरेख समितीचे) अध्यक्ष खूश आहेत, माझ्या मात्र पोटात गोळा आलाय. पावसाळ्यात आमच्याकडे करंट गेला की कधी येईल याचा नेम नसतो. नको म्हणावं तर देणारी पोरं नाराज होतील. काय करू?

उत्तर : बाई, नको म्हणू नका. फक्त त्यांनी दुकानात जायच्या आधी तुम्ही यादी करून द्या. वर्गणी देणाऱ्याला शाळेत काय लागतं ते ठाऊक नसतं. त्याला फोटोत छान दिसेल ते सुचतं.

तुमच्याकडे पाच इयत्ता आणि भिंती मोजक्या. बोर्ड एका भिंतीवर बसला की त्या खोलीतली सगळी पोरं एकाच दिशेला तोंड करून एकाच वेगानं चालणार. इकडे पहिली ते तिसरीची मुलं नली-कलीची, म्हणजे आनंदानं शिकायच्या पद्धतीची, कार्डं घेऊन जमिनीवर गटागटानं बसलेली. ही पद्धत 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झाली, तीच मुळी प्रत्येक मुलानं आपापल्या चालीनं पुढं जावं म्हणून. एका हातानं कार्डं वाटायची आणि दुसऱ्या हातानं सगळ्यांना पडद्यासमोर बसवायचं, याला काय अर्थ आहे?

माझी यादी अशी : एक लहान प्रोजेक्टर, चालू स्थितीतला जुना लॅपटॉप, इन्व्हर्टर आणि चांगली बॅटरी, एक चार्जिंगचा स्पीकर. आणि त्या पोरांच्या घरी कपाटात पडलेले दोन-तीन जुने फोन, सिम काढून. हे फोन मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात.

फोन मुलांच्या हातात द्यायचा तो बघायला नव्हे, टिपायला. तिसरीतल्या मुलाला बाहेर कट्ट्यावर बसवा आणि धडा वाचून रेकॉर्ड करायला सांगा. मग त्याचं त्यालाच ऐकू द्या. कुठं अडखळलो ते त्याचं त्याला कळतं, आणि बहुतेक मुलं न सांगता पुन्हा रेकॉर्ड करायला बसतात. पाच इयत्तांत एकेकाचं वाचन ऐकायला तुम्हाला दिवसा वेळ मिळत नाही, ते संध्याकाळी चहा पिता पिता ऐकता येतं. आपल्याकडे कितीतरी गावांत मराठी आणि कन्नड शाळा एकाच आवारात आहेत. तुमच्याकडे तसं असेल तर आठवड्याला एक गोष्ट आपल्या मुलांनी मराठीत रेकॉर्ड करून पलीकडे द्यावी आणि त्यांची कन्नड गोष्ट इकडे यावी. परक्या शाळेत आपला आवाज वाजणार म्हटलं की पोरं उच्चारावर केवढी मेहनत घेतात, ते बघाच.

प्रोजेक्टर कशाला? जे हातात घेऊन दाखवता येत नाही त्याला. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञानं 2002 मध्ये सुरू केलेली ‘फेट’ नावाची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर करून बघायचे प्रयोग, फुकट आहेत. त्यांतली बरीच मराठीत आहेत आणि डाउनलोड करून ठेवली की नेट लागत नाही. खानापुरात रेंज आहे तिथं बसून एकदा उतरवून घ्या. पाचवीला अपूर्णांक शिकवताना वापरून बघा.

पण त्रिकोण शिकवायला प्रोजेक्टर लावलात तर मी रागावेन. त्याला सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटी पुरे. काड्यांचं गूल खरवडून टाका, नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा आणि त्यांत दोन बाजूंनी काड्या खोचा. अरविंद गुप्तांची ही खेळणी देशभर पोचली आहेत, त्यांची कितीतरी पुस्तकं मराठीत फुकट मिळतात. चौकोन बोटानं दाबला की आडवा पडतो, त्रिकोण हलत नाही. मग मुलांना वर बघायला सांगा. खोली कौलारू असेल तर छपराची कैची दिसेल. सुतारानं तिथं त्रिकोणच का घातला, हे एखादं पोरगं आपणहून बोलेपर्यंत तुम्ही गप्प राहायचं. फार अवघड असतं ते, मला माहीत आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे. सगळे म्हणतात, दुपारी बरोबर बारा वाजता सावली सगळ्यांत लहान असते. मी अंगणात काठी रोवून मोजली तर साडेबारा झाले तरी सावली लहानच होत होती. माझं चुकलं की घड्याळाचं? — एक विद्यार्थी, येळ्ळूर

उत्तर : तुझंही बरोबर आणि घड्याळाचंही. शाबास! लोक म्हणतात ते ऐकून गप्प बसला नाहीस.

आपलं घड्याळ बेळगावच्या सूर्यावर लावलेलं नाही. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. बेळगाव साधारण 74.5 अंशांवर, म्हणजे 8 अंश पश्चिमेला. पृथ्वी एक अंश फिरायला 4 मिनिटं घेते. 8 गुणिले 4, झाली 32 मिनिटं. म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावरची रेषा ओलांडतो तो सरासरी 12 वाजून 32 मिनिटांनी. सरासरी अशासाठी, की पृथ्वीची कक्षा पूर्ण गोल नाही आणि आसही कललेला आहे. त्यामुळे नोव्हेंबरच्या सुरुवातीला ही वेळ 12.16 च्या आसपास येते, तर फेब्रुवारीच्या मध्याला थेट 12.46 पर्यंत जाते.

आता एक अडचण तुलाही जाणवली असेल. सावली सर्वांत लहान असते त्या सुमारास ती बदलतेच इतकी हळू, की नेमकं मिनिट पकडता येत नाही. त्यावर युक्ती आहे. काठी ओळंब्यानं सरळ उभी कर आणि तिच्या बुडाशी केंद्र धरून दोरीनं जमिनीवर वर्तुळ आख. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत शिरताना कधी शिवतं, आणि दुपारनंतर बाहेर पडताना कधी शिवतं, त्या दोन वेळा लिही. त्यांच्या मधोमधची वेळ म्हणजे तुझ्या अंगणातली खरी दुपार. ते दोन बिंदू जोडलेस की पूर्व-पश्चिम रेषाही मिळते. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञाच्या वेदी आखायच्या प्राचीन ग्रंथात, दिशा काढायची हीच रीत सांगितली आहे. घरातला फोन मिळाला तर स्टुलावर पक्का बसवून दर पाच मिनिटांनी सावलीचा फोटो काढ आणि ते भराभर पुढं सरकव. सूर्य किती धावतो ते दिसेल. (धावतो कोण, ते आठवीतल्या मुलाला सांगायला नको.)

पुढचा अभ्यास : बरोबर 1 मीटरची काठी घे. खऱ्या दुपारी तिची सावली 22 डिसेंबरला सुमारे 82 सेंटिमीटर भरेल, 21 मार्चला सुमारे 28. मेच्या 3-4 तारखेला जवळजवळ नाहीशी होईल. त्यानंतर ऑगस्टच्या 8-9 तारखेपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. अर्थात तेव्हा येळ्ळुरात ऊन सापडलं पाहिजे! मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, तेव्हा हा प्रयोग घरीच करावा लागेल. आजोबांना सोबत घे, त्यांना ओळंबा धरता येतो.

प्रश्न : मुलगी सातवीत आहे. शाळेतून रोज व्हॉट्सॲपवर अभ्यास येतो. घरात फोन एकच, तो मी कामावर नेतो. रात्री नऊला घरी येतो, तोवर ती पेंगुळलेली असते. दुसरा फोन घ्यावा का? — एक पालक, निपाणी

उत्तर : घेऊ नका. बाईंना जाऊन भेटा आणि तुमच्या कामाची वेळ सांगा. तुमच्यासारखे आणखी चार पालक वर्गात नक्की निघतील, त्यांनाही बरोबर न्या. फळ्यावर लिहिलेला अभ्यास पाच मिनिटांत वहीत उतरतो. फोनवर अभ्यास पाठवण्यात सोय शिक्षकाची आहे. मी स्वतः शिक्षक होतो, म्हणून बोलतो.

प्रश्न : हायस्कूलला विज्ञान शिकवतो. पूर्वी मुलं प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायची, आता एआयकडून लिहून आणतात. भाषा इतकी गुळगुळीत, की वाचवत नाही. बंदी घालावी का? — एक शिक्षक, अथणी तालुका

उत्तर : बंदी घालून तुम्ही पोलीस व्हाल, आणि पोरं चोर व्हायला शिकतील. त्यापेक्षा ज्याचं उत्तर अजून कुठंच लिहिलेलं नाही असा प्रश्न द्या. ‘पर्जन्यमान म्हणजे काय’ विचारलंत तर छापीलच येणार. ‘आपल्या शाळेच्या आवारात गेल्या आठवड्यात किती मिलिमीटर पाऊस पडला’ याचं उत्तर कुठल्या यंत्राकडे आहे?

तुम्ही तर अथणीचे. एकाच जिल्ह्यात तुमचा कोरडा तालुका आणि खानापूरचं कणकुंबी, जिथं पाऊस थांबता थांबत नाही. त्या बाजूच्या एका हायस्कुलाशी जोडी जमवा. दोन्ही शाळांनी रोजचा पाऊस एकाच गुगल शीटमध्ये भरावा. आलेख काढायचं काम खुशाल संगणकाला द्या, एआयलाही द्या. आकडे मात्र पोरांचे.

पर्जन्यमापक घरी करा. सरळ बाजूंची दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तोच उलटा, नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचं बूड खड्ड्याखड्ड्यांचं असतं, तिथं मोजमाप चुकतं. म्हणून तळाशी थोडे खडे घाला, त्यांच्यावर येईल इतकं पाणी ओता आणि त्या रेषेला शून्य म्हणा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली मोकळ्यावर, जमिनीत थोडी रोवून ठेवा. झाडाखाली नको, पागोळ्यांखाली तर नकोच. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, हवामान खातंही तेव्हाच मोजतं. शाळेजवळ राहणारी दोन मुलं त्यासाठी नेमा, आणि रविवार चुकवू देऊ नका.