निर्बंध उठले, पण ते लावणारे अधिकार?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

प्रश्न : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. करोनानंतर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी राज्यपाल आणि आरोग्य अधिकाऱ्यांचे अधिकार कमी करणारे कायदे केले. त्यावरून आमच्या वर्गात कडाक्याचा वाद झाला. काही जण म्हणाले, लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने आपले अधिकार परत घेतले, उत्तम झालं. बाकीचे म्हणाले, पुढच्या साथीत याची किंमत माणसांच्या जिवाने मोजावी लागेल. डॉक्टर, तुम्ही संसर्गजन्य आजारांच्या विभागात नोकरी केली आहे. तुम्ही कोणत्या बाजूच्या?

उत्तर : तुमच्या वर्गाने वेगवेगळ्या जातीचे कायदे एकाच गाठोड्यात बांधले, म्हणून वाद मिटला नसावा. काही कायदे अधिकाराला मुदत घालतात. काही कायदे अधिकारच काढून घेतात. पहिल्या प्रकाराच्या मी बाजूने आहे आणि दुसऱ्याच्या ठाम विरोधात.

मुदतीचं आधी बघू. पेनसिल्व्हेनियात राज्यपालाने जाहीर केलेली आणीबाणी पूर्वी ९० दिवस चालायची आणि तो ती स्वतःच वाढवू शकायचा. मे २०२१ मध्ये तिथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ही मुदत २१ दिवसांवर आणली. त्यापुढे विधिमंडळाची संमती लागते. केंटकीने त्याच वर्षी ३० दिवसांची मर्यादा घातली. राज्यपाल अँडी बशीर कोर्टात गेले, पण ऑगस्ट २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाच्या बाजूने कौल दिला. तेव्हा डेल्टाची लाट ऐन भरात होती. सप्टेंबरमध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलवावं लागलं. आमदारांनी आणीबाणी जानेवारीपर्यंत वाढवली, मात्र शाळांमधली राज्यभराची मास्कसक्ती रद्द करून तो निर्णय स्थानिक शाळा मंडळांवर सोपवला.

मास्कसक्ती काढायला ती वेळ नव्हती, असं माझं मत आहे. पण तो निर्णय कुणी घेतला, कुणी कोणत्या बाजूने मत दिलं, हे तिथल्या प्रत्येक आईबापाला कळलं. नंतर बहुतेक शाळा मंडळांनी मास्क चालूच ठेवला. सभागृहाला उत्तरदायी धरलं म्हणून साथीचं काम थांबतंच असं नाही, हे त्यातून दिसलं.

न्यूझीलंडने तर हे सुरुवातीलाच कायद्यात लिहून ठेवलं होतं. मे २०२० मधला त्यांचा कोविड कायदा संसदेने दर ९० दिवसांनी ठराव करून जिवंत ठेवला नाही, तर आपोआप संपणार होता. मला ही रचना फार आवडते. अधिकाऱ्याला दर तीन महिन्यांनी उभं राहून सांगावं लागतं की हा आदेश अजून का हवा. ज्याच्याकडे खरं कारण आहे, त्याला हे सांगायला जड जात नाही.

आता दुसरा प्रकार. ओहायोचं सिनेट विधेयक २२ घ्या. त्यातही आणीबाणीला मुदत आहे आणि आरोग्य खात्याचे आदेश रद्द करण्याचा हक्क विधिमंडळाला आहे. तेवढंच असतं तर मी काही बोलले नसते. पण त्यात आणखी एक तरतूद आहे : स्थानिक आरोग्य मंडळाने विलगीकरणाचा आदेश काढायचा तो ज्याचं वैद्यकीय निदान झालं आहे त्याच्यावर, किंवा अशा रुग्णाच्या थेट संपर्कात आलेल्या माणसावर. राज्यपाल माइक डिवाइन रिपब्लिकन, विधिमंडळातलं बहुमतही त्यांच्याच पक्षाचं. तरी मार्च २०२१ मध्ये त्यांनी नकाराधिकार वापरला, आणि त्यांच्याच पक्षाने दुसऱ्या दिवशी तो मोडून काढला.

या तरतुदीबद्दल मी इतकी कळकळीने का लिहिते आहे ते सांगते. घटसर्पाच्या संशयित रुग्णाचा घसा बघितल्यावर आम्ही प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघत बसत नाही. औषध लगेच सुरू होतं आणि रुग्णाला वेगळं ठेवलं जातं, कारण अहवाल येईपर्यंत उशीर झालेला असतो. गोवराचा रुग्ण अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून आजार पसरवत असतो. कुठल्याही साथीतला पहिला रुग्ण हा सुरुवातीला ‘संशयित’च असतो, आणि त्याच्या आधीचा रुग्ण कुणाला माहीत नसतो. निदान झाल्याशिवाय हात लावू नका असा कायदा केला, तर साथ रोखता येण्याचा जो काळ असतो तोच हातातून जातो. करोनाचा राग या तरतुदीत उतरला आहे, पण तिचे चटके बसतील ते उद्या येणाऱ्या, आज नावही ठाऊक नसलेल्या आजारात.

औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या रुग्णांना वेगळं ठेवण्याच्या कागदांवर मी सह्या केल्या आहेत. माणसाला घरापासून तोडणारा कागद असतो तो. त्यावर कारण आणि संपण्याची तारीख असायलाच हवी, आणि दाद कुठे मागायची हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितलं पाहिजे. या अटी कायद्याने घातल्या तर मी त्यांचं स्वागत करीन. पण कागदच काढायचा नाही, ही अट मला मान्य नाही.

मोंटानाने २०२१ मध्ये लस घेतली की नाही यावरून नोकरीत भेद करायला बंदी घातली, तीही फक्त करोनाच्या लशीपुरती नाही. नवजात बाळांच्या विभागात काम करणाऱ्या परिचारिकेला डांग्या खोकल्याची लस सक्तीची करायची का, हा प्रश्न करोनाच्या भांडणात ओढायला नको होता.

प्रश्न : ब्रिटनचा करोना कायदा दोन वर्षांनी आपोआप संपला असं वाचलं. मग तिथे सगळं आपोआपच पूर्ववत झालं का? प्रत्येक कायद्याला अशी तारीख घातली की काम झालं, असं म्हणायचं का?

उत्तर : तारीख घालणं चांगलं, पण कोणत्या कायद्याला घातली तेही बघावं लागतं. ब्रिटनच्या २५ मार्च २०२० च्या कायद्याला दोन वर्षांची मुदत होती आणि दर सहा महिन्यांनी त्यावर संसदेत मतदान व्हायचं. सगळ्यांचं लक्ष त्यावर. पण इंग्लंडमध्ये लोकांना घरात बसवणारे नियम त्या कायद्याखाली निघालेच नव्हते. ते निघाले १९८४ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली, मंत्र्यांच्या सहीने, आणि पुष्कळदा संसदेत चर्चा होण्याआधीच लागू झाले. तो जुना कायदा अजूनही तसाच आहे.

या दोन कायद्यांच्या गोंधळात पोलिसही सापडले. २०२० च्या कायद्यातली कलमं संसर्गाचा संशय असलेल्या माणसांपुरती होती, पण ती रस्त्यावर दिसलेल्या धडधाकट माणसांना लावली गेली. सरकारी अभियोग विभागाने त्या कायद्याखालचे खटले तपासले, तेव्हा आरोप सरसकट चुकीचे निघाले. घाईत केलेला कायदा पोलिसाच्या हातात पडल्यावर त्याचं काय होतं, हे विधेयक लिहिणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवायला हवं.

मुदतच घातली नाही तर काय होतं, हे हंगेरीत दिसलं. मार्च २०२० च्या अखेरीस तिथे सरकारला अध्यादेशाने कारभार करण्याचे अधिकार मिळाले, आणि ते कधी संपणार याची तारीखच नव्हती. जूनमध्ये तो कायदा मागे घेतला, पण त्याच वेळी ‘वैद्यकीय आणीबाणी’ची नवी तरतूद आणली.

प्रश्न : माझी मावसबहीण अमेरिकेत असते. साथीची आणीबाणी संपवल्यावर तिच्या शेजारणीचा सरकारी आरोग्य विमा बंद झाला, असं ती सांगत होती. निर्बंध उठवण्याचा आणि विम्याचा संबंध काय?

उत्तर : संबंध असा की साथीच्या काळात निर्बंध आणि मदत, दोन्ही एकदम आली होती. मेडिकेड या गरिबांच्या विमा योजनेतून साथ चालू असताना कुणाचं नाव काढायचं नाही, या अटीवर राज्यांना जादा पैसे मिळत होते. डिसेंबर २०२२ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून ही अट आणीबाणीपासून वेगळी काढली आणि ३१ मार्च २०२३ ला संपवली. पुढच्या साधारण वर्षभरात दोन कोटींहून जास्त लोकांची नावं वगळली गेली. त्यांतली पुष्कळशी माणसं उत्पन्न वाढलं म्हणून नाही, तर कागदपत्रं पूर्ण झाली नाहीत म्हणून गेली. शेजारणीला सांगा, पुन्हा अर्ज करता येतो.

राष्ट्रीय आणीबाणी १० एप्रिल २०२३ ला आणि आरोग्य आणीबाणी ११ मे २०२३ ला संपली. त्याच ११ मे रोजी आणखी एक गोष्ट संपली. १९४४ च्या एका आरोग्य कायद्यातल्या तरतुदीच्या आधारे सीमेवर आलेल्या निर्वासितांना आश्रयाचा अर्ज करू न देता परत पाठवलं जात होतं. सभागृहांना, हॉटेलांना आणि शाळांना केव्हाच मोकळीक मिळाली होती, तरी हा निर्बंध चालूच होता. आरोग्याच्या नावाचा अधिकार दुसऱ्या कामाला जुंपला की तो सोडवत नाही. मुदतीचा आग्रह मी धरते त्यामागे हेही कारण आहे.

प्रश्न : आपल्याकडचे निर्बंध कोणत्या कायद्याने उठले? ते पुन्हा लागू शकतात का?

उत्तर : कायदा करून उठले नाहीत. आदेशाने लागले होते, आदेशानेच गेले. केंद्राने आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खालचे आदेश ३१ मार्च २०२२ नंतर पुढे चालवले नाहीत. महाराष्ट्राने त्या वर्षीच्या गुढीपाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिलपासून, निर्बंध काढले आणि मास्क ऐच्छिक केला. संसदेत किंवा विधानसभेत त्यासाठी मतदान झालं नाही, कारण आपल्या कायद्यात ते लागतच नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी इंग्रजांनी १८९७ मध्ये केलेला साथरोग कायदा आजही पुस्तकात आहे. त्याखाली राज्य सरकार ‘तात्पुरते’ नियम करू शकतं, पण तात्पुरते म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती मुख्यतः डॉक्टर आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांना शिक्षा देण्यासाठी. ती गरजेचीच होती. नागरिकाने दाद कुठे मागायची, विलगीकरणात ठेवलेल्या मजुराच्या बुडालेल्या मजुरीचं काय, आदेश किती दिवसांनी विधिमंडळापुढे ठेवायचा, यांवर मात्र त्यात काही नाही.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यातल्या उणिवा दाखवून तो सुधारावा किंवा नवा करावा, असं सुचवलं आहे. नवा मसुदा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा जरूर लिहा. माझी हरकत तयार आहे : संशयित रुग्णाला वेगळं ठेवण्याचा अधिकार अधिकाऱ्याकडे राहू द्या, प्रत्येक आदेशावर शेवटची तारीख छापा, मुदतवाढ हवी तर सभागृहात या, आणि ज्याला घरात बसवाल त्याच्या चुलीची सोय त्याच आदेशात लिहा.