चावीचा सेल उतरला तरी गाडी सुरू होते

आपल्या प्रश्नाचा गोषवारा असा: पुश बटणाच्या गाडीत चावीची बॅटरी कमी असल्याची सूचना डॅशबोर्डवर कधी उमटते, कधी नाही, पूर्वी सोसायटीच्या फाटकातून उघडणारी गाडी आता दाराशी जाऊन बटण दाबल्यावरच उघडते, सर्व्हिस सेंटरने नवी चावी घेण्याचा सल्ला दिला आहे, आणि गणपतीला कोकणात जायचे असल्यामुळे वाटेत अडकण्याची धास्ती वाटते. ही सारी लक्षणे उतरत चाललेल्या सेलची आहेत. तेव्हा आधी सेल बदलावा आणि नव्या चावीचा खर्च तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. मात्र सेल आणायला जाण्यापूर्वीच, सेल पूर्ण संपलेला असताना गाडी कशी सुरू करायची हे शिकून घ्यावे, कारण नवा सेलही कधीतरी उतरणारच आहे.

स्मार्ट चावीच्या आत दोन वेगळ्या व्यवस्था असतात. पहिली दार उघडण्याची. आपण हँडलला हात लावला किंवा तिथले बटण दाबले की गाडीतील अँटेना सुमारे १२५ किलोहर्ट्झचा क्षीण संकेत सोडते. तो पोचताच चावी जागी होते आणि आपल्याकडील गाड्यांत बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास रेडिओलहरींनी उत्तर देते. लोकलमध्ये डुलकी घेणारा प्रवासी स्वतःच्या स्थानकाचे नाव कानावर पडताच सावरून बसतो, तशी ही चावी दिवसरात्र कान देऊन असते, आणि या ऐकण्याला व उत्तर देण्याला सेलची वीज लागते. दुसरी व्यवस्था इमोबिलायझरच्या, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या चिपची. इंजिन सुरू करण्याची परवानगी तिच्या ओळखीवर मिळते, आणि तिला सेल लागतच नाही. गाडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रातूनच ती आपल्यापुरती वीज घेते. हे क्षेत्र जेमतेम काही सेंटिमीटर पोचते, म्हणून सेल नसताना चावी ठरावीक जागी अगदी चिकटवून धरावी लागते.

ही ठरावीक जागा गाडीगणिक बदलते. मारुती सुझुकी, ह्युंदाई, टोयोटा आणि होंडा यांच्या पुश बटणाच्या बहुतेक गाड्यांत ब्रेक दाबून चावी थेट स्टार्ट बटणाला टेकवायची असते. चावीचे कोणते टोक किंवा कोणती बाजू टेकवायची, एवढाच काय तो फरक. काही युरोपीय गाड्यांत ती जागा स्टिअरिंगच्या दांड्याशेजारी किंवा मधल्या कप्प्यात असते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत हे पान असतेच. ते शोधावे आणि एखाद्या निवांत रविवारी चावीतला सेल काढून ठेवून सर्व क्रिया एकदा प्रत्यक्ष करून पाहावी. रात्री पावसात, मागे हॉर्न वाजत असताना पुस्तिका चाळणे कोणालाच जमत नाही.

दाराचेही तसेच आहे. चावीच्या एका कडेला छोटी खिट्टी असते. ती सरकवली की आतून धातूची साधी चावी निघते. चालकाच्या दारावर कुलपाचे भोक दिसत नसेल तर ते बहुधा हँडलच्या टोकावरील प्लॅस्टिकच्या टोपणाखाली असते, आणि टोपण काढण्यासाठी खालून एक खाच ठेवलेली असते. अशा रीतीने दार उघडल्यावर काही गाड्यांचा अलार्म वाजू लागतो. गोंधळून जाऊ नये. आत बसून वरीलप्रमाणे चावी टेकवली आणि गाडीला ओळख पटली की तो थांबतो. मोबाइलच्या ॲपवरून दार उघडण्याची सोय असली तरी तिच्यावर सर्व भिस्त ठेवू नये, कारण ती गाडीच्या आणि आपल्या दोघांच्याही नेटवर्कवर चालते, आणि मुंबईतल्या दोन-तीन मजले खोल पार्किंगमध्ये नेमके तेच नसते.

गाडी चालू असताना सेल संपला तर इंजिन बंद पडत नाही. ‘चावी सापडत नाही’ अशी सूचना येते, बीप वाजतो, पण गाडी चालत राहते. प्रश्न येतो तो इंजिन बंद करून पुन्हा सुरू करताना. याच कारणाने हॉटेलच्या दारात चालू गाडी वॅले पार्किंगच्या माणसाच्या हाती देऊन चावी आपल्याच खिशात राहिली, तर गाडी बिनतक्रार निघून जाते आणि पार्किंगमध्ये बंद केली की तिथेच अडकते. सेलशी याचा संबंध नाही, पण तक्रार मात्र बहुतेक वेळा ‘चावी बिघडली’ अशीच येते.

आता निदान. दुसरी चावी आणून तिने गाडी नेहमीच्या अंतरावरून उघडते का ते पाहावे. उघडली तर दोष पहिल्या चावीच्या सेलचा. दोन्ही चाव्या निकामी वाटत असतील, आतील दिवा मंद असेल आणि स्टार्ट बटण दाबल्यावर नुसती टकटक ऐकू येत असेल, तर उतरली आहे ती गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. शहरात आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार घडते, आणि अशा वेळी चावीत कितीही नवा सेल घातला तरी उपयोग नाही. आपल्या बाबतीत गाडी जवळून लगेच उघडते व सुरू होते, त्यामुळे ही शक्यता मी सोडून देतो. सूचना मधूनमधून नाहीशी होते यानेही निश्चिंत होऊ नये. लिथियमचा सेल जवळजवळ अखेरपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास टिकतो आणि मग झपाट्याने खाली येतो. जुना झाल्यावर त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे वीज वाहण्याला आतूनच होणारा अडथळा वाढतो, त्यामुळे नुसता मल्टिमीटर लावला तर आकडा बरा दिसतो, आणि चावीने संकेत सोडताच विजेचा दाब (व्होल्टेज) कोसळतो. मीटरवरच्या आकड्यापेक्षा कमी झालेले अंतर अधिक खरे समजावे.

सेल घेताना क्रमांक जुन्या सेलवरूनच पाहावा. बहुतेक चाव्यांत सीआर२०३२ असतो, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा. सीआर२०२५ चा व्यास तोच, जाडी मात्र २.५ मिलिमीटर. व्होल्ट सारखे असल्यामुळे ‘चालून जाईल’ म्हणून दुकानदार एकाच्या जागी दुसरा देऊ पाहतो. तसे करू नये: पातळ सेल सैल बसून संपर्क तुटत राहतो, आणि जाड सेल दडपून बसवला तर आतील पत्र्याचे संपर्क वाकतात. एलआयआर२०३२ हा दिसायला सारखाच पण रिचार्ज होणारा सेल असतो; त्याचा दाब जास्त असल्यामुळे तो चावीत घालू नये. सेल सुटा न घेता मूळ वेष्टनातला, वापराची अंतिम तारीख वाचता येईल असाच घ्यावा. त्यासाठी मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडपर्यंत जाण्याची गरज नाही. स्टेशनाबाहेरचे घड्याळवाले हे सेल रोज विकतात, त्यामुळे त्यांच्याकडचा माल ताजा असतो, आणि एका सेलला साधारण शंभर रुपयांच्या आतच पैसे पडतात.

चावी उघडण्यापूर्वी आतली धातूची चावी काढून घ्यावी, कारण कवच उघडण्याची खाच सहसा तिच्याच खोबणीत असते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला कापडी चिकटपट्टी गुंडाळून हळूच पीळ द्यावा. जोर लावला तर कवचाच्या कडेचे आकडे तुटतात, आणि मग चावी कायम सैल राहते. सेलची कोणती बाजू वर होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. अक्षरे कोरलेली सपाट बाजू धन असते, पण ती वर की खाली हे चावीप्रमाणे बदलते. नवा सेल कडेने धरावा, कारण बोटांचा घाम आणि तेलकटपणा संपर्कात अडथळा आणतो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत राहिलेल्या चावीत संपर्कांवर हिरवट किंवा पांढरट थर आढळणे नवलाचे नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने तो पुसावा, पूर्ण वाळू द्यावे आणि मगच सेल बसवावा. नवा सेल घालूनही चावी रडतच असेल तर पुष्कळदा कारण हा थरच असतो. कवच बंद करताना कडेची रबरी पट्टी जागेवर आहे ना, हे नीट पाहावे. पावसाळ्यात खिशातल्या चावीचे रक्षण तीच करते.

सेल बदलल्यावर चावी पुन्हा प्रोग्राम करावी लागेल, असे काही ठिकाणी सांगून पैसे घेतले जातात. चावीची ओळख ज्या स्मृतीत असते ती वीज गेल्याने पुसली जात नाही, त्यामुळे सर्वसाधारणपणे तशी गरज पडत नाही.

सेल सहसा दोन-तीन वर्षे टिकतो. त्याआधीच संपत असेल तर चावी कुठे ठेवली जाते ते पाहावे. तळमजल्यावर घर आणि भिंतीपलीकडेच गाडी असेल तर चावी वारंवार जागी होत राहते. टीव्ही किंवा चार्जरला खेटून ठेवल्यानेही सेल लवकर उतरतो. टोयोटाच्या काही चाव्यांत लॉकचे बटण दाबून धरून अनलॉक दोनदा दाबले की चावी बचतीच्या अवस्थेत जाते. कपाटात पडून राहणाऱ्या दुसऱ्या चावीसाठी ही सोय चांगली आहे. त्या चावीचा सेलही याच वेळी बदलून टाकावा.

काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा आणि तोवर लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होते, त्यामुळे नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठावे.

राहता राहिला नव्या चावीचा मुद्दा. आपल्याकडे दुसरी चावी मुळातच नसेल, तर मात्र ती करून घ्यावी, आणि हातातली चालू आहे तोवरच. गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या दाव्याच्या वेळी सहसा दोन्ही चाव्या मागतात, आणि एकमेव चावी हरवल्यानंतर नवी करून घेण्याचा खर्च व खोळंबा बराच जास्त असतो.